कैसरिया बाजारातलं सातवं दुकान

१

शुक्रवारी दुपारी चार वाजता आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये अख्खं इस्फहान जागच्या जागी होतं. राजवाडे होते, मशिदी होत्या, बाजार होता. फक्त बाजारातलं सातवं दुकान कुणीतरी लुटलं होतं.

इस्फहान म्हणजे इराणची जुनी राजधानी, आणि आमची म्हणाल तर थर्माकोलची. दुबईत अल कुसैसमधल्या आमच्या इमारतीत मराठी बिऱ्हाडं भरपूर, त्यामुळे दिवाळीत किल्ल्यांची स्पर्धा असते. माती नर्सरीतून पोत्याने आणायची, अळीव मात्र पुण्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून. यंदा मंडळाने विषय दिला, 'जुन्या राजधान्या'. ईश्वरीच्या गटाने विषय पुरता ऐकूनही न घेता रायगड जाहीर केला. मी आणि पर्लने इस्फहान घेतलं.

पर्ल वसईची. सतरा वर्षं माझी मैत्रीण. नाताळात तिने केलेला गोठ्याचा देखावा बघायला लोक शारजाहून येतात. तिच्या मेंढ्यांच्यासुद्धा चेहऱ्यावर भाव असतात. हे मी कौतुकानेच सांगते आहे. निदान महिन्यापूर्वीपर्यंत तरी कौतुकानेच सांगायचे.

कारण दिवाळीआधी महिनाभर पर्लचं पाचव्या मजल्यावर जाणं वाढलं. पाचव्या मजल्यावर शहरबानू खानम राहतात. जन्म इस्फहानचा, चाळीस वर्षं दुबईत, हिंदी आमच्यापेक्षा बरं. पहिल्यांदा त्यांच्याकडे पर्लला नेलं मी. ओळख करून दिली मी. पण चेहेल सोतून नावाच्या चाळीस खांबांच्या महालात खांब वीसच आहेत आणि उरलेले वीस समोरच्या हौदात दिसतात, ही गोष्ट खानमनी सांगितली पर्लला. मला ती पर्लकडून कळली. शिळी.

खानमचे वडील कापडावर ठसे उमटवणारे कारागीर होते आणि कैसरिया बाजारात त्यांचं दुकान होतं. त्यांचा एक ठसा खानमकडे उरला होता. नासपतीच्या लाकडाचा, काडेपेटीएवढा, त्यावर एक कोयरी कोरलेली. तो त्यांनी आमच्या देखाव्यासाठी दिला. बाजाराच्या चाळीस कमानींना आम्ही चिमुकले पडदे लावले आणि सातव्या पडद्यामागे ठसा चिकटवला. शनिवारी संध्याकाळी उद्घाटन झालं की मुलांनी पडदे उचलून 'दुकान शोधा' खेळायचं, अशी गंमत होती. म्हणून कुठलं दुकान ते आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. पर्लला ठाऊक, मला ठाऊक आणि खानमना.

आता सातवा पडदा नीट वर गुंडाळलेला होता आणि आत गोंदाचा पिवळा चट्टा होता. बाकीच्या एकोणचाळीस पडद्यांना बोटही लागलेलं नव्हतं.

"कुणी हात लावू नका," मी म्हटलं आणि दारातूनच मोबाइलवर फोटो काढले. हरवलेल्या वस्तू शोधायची माझी थोडी ख्याती आहे. कुठे शिकले नाही, संसारात आपोआप येतं ते.

माझ्याबरोबर पर्ल होती, रायगडाला शेवटचा हात द्यायला आलेली ईश्वरी होती आणि वॉचमन गनीभाई होते.

"कुलूप तोडलेलं नाही," ईश्वरी म्हणाली. "म्हणजे किल्लीने उघडलंय."

"दुपारी पाणी घालायला कोण आलं होतं?" गनीभाईंनी विचारलं.

"मी," पर्ल म्हणाली. "बारा वाजता कुलूप लावलं. तेव्हा ठसा होता."

आणि मग माझ्या तोंडून निघालं, "किल्ली तर पर्लकडेच होती."

वाक्य साधं होतं. पण मी ते कसं म्हटलं ते मला ठाऊक आहे, आणि पर्ललाही कळलं. तिने पर्समधून किल्ली काढली आणि टेबलाच्या कडेवर ठेवली.

"घे. आता तुझ्याकडे," ती म्हणाली आणि निघून गेली.

सतरा वर्षांत ती माझ्याकडे पाठ करून गेली नव्हती.

२

पाचव्या मजल्यावर दार उघडलं ते हाफिजाने, खानमच्या मुलीने. तिशीची, दुबईतच जन्मलेली, एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर. आत दोन सुटकेसा उघड्या पडल्या होत्या. रविवारी खानम मुलाकडे कॅनडाला चालल्या होत्या, आणि या वयात गेलेलं माणूस परत येत नाही हे घरात सगळ्यांना कळत होतं.

मी ठशाचं सांगितलं. खानम पलंगावर बसल्या. वॉकर त्यांनी हळूच बाजूला सारला.

"बाबाचा हात लागलेली तेवढी एकच वस्तू होती, शोभना जान," त्या म्हणाल्या.

"जायच्या आत शोधून देते."

"मला नको देऊस. पर्लला दे. तिला मी तो कायमचा दिला होता. कॅनडात त्याचं काय करू? पर्लचे हात बाबासारखे आहेत."

माझे हात मी मांडीवर ठेवले होते. ते मी ओढणीखाली घेतले.

शेजारी हाफिजा सुटकेस भरत होती. एकाच सदऱ्याची तिने घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"खानम, ठसा सातव्या दुकानात आहे हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"किसको बोलूँगी? घर में ये है, बस." त्यांनी मुलीकडे हात केला. "और ये तो मेरी सुनती ही नहीं."

"मामान, औषधं कुठल्या बॅगेत?" हाफिजाने विचारलं. मग माझ्याकडे वळून, "थँक यू आंटी, आज मामानला जेवायला ठेवून घेतलंत. माझी शिफ्ट होती ना."

ते खरं होतं. बाराच्या आधीच ती आईला माझ्या घरी सोडून गेली होती. खानमनी माझ्याकडे वरणभात खाल्ला, त्यावर लिंबू पिळून घेतलं आणि पर्लची चौकशी केली. पावणेचारला हाफिजा न्यायला आली. मीसुद्धा पाचव्या मजल्याच्या दारापर्यंत सोडायला गेले आणि तशीच खाली हॉलमध्ये उतरले.

लिफ्टमध्ये मी हिशेब मांडला. ठसा पर्लचाच होणार होता. दोन दिवस थांबली असती तर हक्काने मिळाला असता. मग ती चोरेल कशाला?

ठसा पर्लला मिळू नये असं वाटणारी बाई इमारतीत एकच होती. लिफ्टच्या आरशात ती माझ्याकडे बघत होती.

३

"मी तोंडावर बोलते, शोभनाताई," ईश्वरी म्हणाली. हे ती न सांगताही लोकांना कळतं. "घेतला असेल तर तुम्हीच. अख्खा महिना तुम्ही जळताय. परवा तर मशीद वाकडी बसवली म्हणून तिला सगळ्यांसमोर बोललात."

"वाकडीच दिसत होती."

"आणि ती काय म्हणाली?"

ती म्हणाली होती, मशीद वाकडीच आहे. दरवाजा चौकाकडे आणि आतली इमारत मक्केकडे वळलेली, खानमनी सांगितलंय. अर्थात तिला सांगितलं होतं. मला कोण सांगतंय?

"तुझं काय, ईश्वरी? दोन वर्षं तुझा पहिला नंबर हुकलाय."

"मला इस्फहान पाडायचं असतं तर घुमट फोडला असता. बाजारातली काडेपेटी कशाला चोरू? पडद्यामागे काही ठेवलंय हेच मला आज कळलं!"

ते पटण्यासारखं होतं. तिच्या रागात लपवाछपवीला जागाच नसते.

गनीभाई केबिनमध्ये चहा पीत होते. मी विचारायच्या आत त्यांनीच खुंटी दाखवली.

"मॅडम, दुसरी किल्ली इथे असते. सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे."

"आणि तुम्ही दुपारी?"

"जुम्मा होता. साडेबारा ते दोन मशिदीत. दत्तप्रसाद साहेबांनीच कारने सोडलं, विचारा घरी." दत्तप्रसाद माझे यजमान. "केबिन उघडी होती. कोण चोरतंय हॉलची किल्ली? आत तर माती आहे."

म्हणजे साडेबारा ते दोनमध्ये साठ बिऱ्हाडांतलं कुणीही किल्ली घेऊ शकत होतं. मी पर्लला फोन केला. तिने उचलला नाही. मेसेज केला. दोन निळ्या खुणा आल्या आणि तिथेच थांबल्या.

मग मंडळाच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला. 'इस्फहानवरून माझं नाव काढावं. उद्या मी नसेन.'

४

शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघरात चकली घेऊन कालचे फोटो बघत बसले. शुभ्रा, माझी लेक, मागून डोकावली.

"आई, व्हाय आर यू स्टेअरिंग ॲट ग्रास?"

"गवत नाही, अळीव आहे. पर्लमावशी बोलत नाहीये माझ्याशी."

"ऑब्व्हियसली. यू वेअर सो जेलस."

मूल इंग्रजीत बोललं की उलटं उत्तर देता येत नाही, आणि हे उत्तर तर बरोबरही होतं.

"तुझ्याकडे गुरुवारचे फोटो आहेत ना? दाखव."

दोन मोबाइल शेजारी ठेवले. किल्ल्यावर अळीव पेरायची आपली जुनी पद्धत. आम्ही तो राजवाड्यासमोरच्या चौकात पेरला होता. पाच दिवसांत चौक हिरवागार झाला. हॉलला खिडकी एकच, आणि अळिवाला उजेडाची हाव. गुरुवारच्या फोटोत सगळी रोपं खिडकीकडे मान करून उभी होती. मशिदीचा मोठा दरवाजा हॉलच्या दाराकडे, म्हणजे येणाऱ्या पाहुण्यांच्या तोंडावर. बाजार मागे भिंतीकडे.

शुक्रवारच्या फोटोत रोपांच्या माना खिडकीकडे नव्हत्या. वॉटर कूलरकडे होत्या.

"कूलरच्या दिशेने कसला उजेड येतोय?" मी मोठ्याने म्हटलं.

"मेबी समवन टर्न्ड द टेबल?" शुभ्रा म्हणाली आणि माझी चकली घेऊन गेली.

टेबल! ते तर फिरतंच होतं. पर्लचा नवरा कार्ल हॉटेलात आहे. त्यांच्या मेजवान्यांचं मोडीत काढलेलं गोल टेबल त्याने आणलं होतं. वरची फळी बोटाने ढकलली की गरकन फिरते. बाजार भिंतीकडे होता, म्हणून चोराने तो फिरवून पुढ्यात आणला, ठसा काढला आणि पुन्हा फिरवला. रोपांना नव्या उजेडाकडे वळायला काही तास लागतात. चारपर्यंत त्यांनी जुनी मान सोडली नव्हती. म्हणजे हे घडलं शुक्रवारी दुपारीच.

मी चपला घालून खाली धावले. आता रोपं पुन्हा खिडकीकडे झुकली होती, रात्रीत सगळं विसरून. पण टेबल कालच्याच जागी होतं, कारण मीच कुणाला हात लावू दिला नव्हता.

मशिदीचा दरवाजा दाराकडे नव्हता. बाजारही पुढ्यात नव्हता. चोराने टेबल मध्येच कुठेतरी थांबवलं होतं, ना इकडे ना तिकडे.

घाईत असेल? पण घाईतल्या माणसाने पडदा इतका नीट गुंडाळला नसता. मग हाच कोन का?

मी खुर्चीवर बसले आणि कंटाळून छताकडे बघितलं. तेव्हा मला ते दिसलं.

५

छताच्या कोपऱ्यात हिरवा बाण चिकटवलेला होता. रमजानात हॉलमध्ये नमाज होते, तेव्हा मक्का कुठे ते दाखवायला. बारा वर्षं तो माझ्या डोक्यावर आहे आणि मी त्याकडे बघितलं नव्हतं.

पर्लने वाकडी बसवलेली मशीद, जिच्यावरून मी तिला चारचौघांत बोलले होते, ती आता बरोबर त्या बाणाच्या रेषेत उभी होती.

पर्लने फिरवलं असतं तर दरवाजा पाहुण्यांकडे केला असता. महिनाभर तीच तिची कटकट होती. ईश्वरीने जिथे थांबेल तिथे सोडलं असतं. मी तर मशीद वाकडी म्हणूनच सरळ करायला गेले असते. टेबल परत फिरवताना ज्याचा हात न सांगता त्या कोनावर थांबला, त्याला रोज पाच वेळा तिकडे तोंड करायची सवय होती.

अशी माणसं इमारतीत पुष्कळ. गनीभाईही त्यातलेच. पण गनीभाईंना सातवं दुकान ठाऊक नव्हतं. त्यांनी पाच-पंचवीस पडदे तरी उचलून बघितले असते. चोर सरळ सातव्याकडे गेला होता.

सातवं दुकान ठाऊक होतं तिघींना, आणि खानमच्या घरात चौथीला. खानम बारापासून पावणेचारपर्यंत माझ्या समोर बसल्या होत्या. पुढची पंधरा मिनिटंही त्यांना दारात सोडण्यात आणि मी खाली येण्यातच गेली.

उरली ती आईचं ऐकतच नाही म्हणे, ती.

आणखी एक गोष्ट मला खुपत होती. चोरी करायला आलेल्या हाताने मशिदीचं तोंड नीट केलं. त्या हाताचा या शहरावर राग नव्हता. मग राग कुणावर होता?

६

हाफिजा गच्चीवर वाळलेल्या चादरी काढत होती. मी दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून एका चादरीची घडी घातली.

"काल शिफ्ट नव्हती ना?" मी विचारलं.

 दुसरी चादर तिने स्वतःच ओढून घेतली.

"मी पोलीस नाही गं. मंडळातलीसुद्धा आता फारशी नाही. टेबल तू फिरवलंस, आणि मशीद मक्केकडे करून ठेवलीस."

"मी?" तिला खरंच नवल वाटलं. "मला आठवतही नाही, आंटी."

तेवढ्यात तिचं तिलाच कळलं की ती काय बोलून गेली. चादर छातीशी धरून ती टाकीच्या कट्ट्यावर बसली.

"शाळेत फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट होता," ती हिंदीत म्हणाली. "मी विचारलं, आजोबा काय करायचे? मामान म्हणाली, लिही, बिझनेस. कुठले? लिही, दुबई. तीस वर्षं मला एवढंच मिळालं. आणि तुमच्या मैत्रिणीला? चौक, राजवाडा, हौदातले खांब. दुकानासमोरच्या कुल्फीवाल्याचं नावसुद्धा पर्ल आंटीला माहितीये! जेवताना हसत हसत मला म्हणाली, सातवं दुकान बाबाचं आहे, मुलांना सापडायचं नाही. मुलांना! मला तरी कुठे सापडलं होतं?"

 शिळ्या गोष्टी खायचं दुःख मला महिनाभराचं होतं. हिला जन्माचं होतं.

"आणि मग तो ठसाही तिलाच दिला," हाफिजा म्हणाली. "कॅनडाला जाताना मला काय, तर कुकर आणि फ्रीज."

खिशातून तिने टिश्यूत गुंडाळलेला ठसा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. कोयरीच्या खाचांत अजून जुना निळा रंग होता.

"सगळ्यांना सांगणार ना तुम्ही? मामान उद्या जातेय, आंटी. तिच्या डोळ्यांसमोर चोर ठरून..."

 खाली हॉलमध्ये कुणीतरी माइक तपासत होतं. उद्घाटनाला थोडाच वेळ उरला होता, आणि मी शब्द दिला होता पर्लच्या नावावरचा डाग धुवायचा. दिला होता स्वतःलाच, पण दिला होता.

७

सहा वाजता हॉल गच्च भरला. खानम वॉकर घेऊन पुढे बसल्या होत्या, शेजारी खाली मान घातलेली हाफिजा. पर्ल येणार नव्हती म्हणाली होती, पण कार्लने तिला दारापर्यंत आणलं होतं. ती आत येत नव्हती.

मी ईश्वरीच्या हातातून माइक घेतला.

"ठसा सापडलाय," मी म्हटलं. "माझ्याकडेच होता. शुक्रवारी दुपारी मीच काढला. मला पर्लचा मत्सर वाटत होता. तिचा याच्याशी काही संबंध नाही, आणि किल्लीचं मी बोलले ते वाईट बुद्धीने बोलले. तिची माफी मागते."

खानमनी चमकून माझ्याकडे बघितलं; ती दुपार त्या माझ्याच घरी होत्या. यातलं एकच वाक्य खोटं होतं. बाकीची खरी वाक्यं म्हणतानाच जीभ अडखळली.

"मी तोंडावर म्हटलं होतं!" ईश्वरी म्हणाली. तिचा पहिला नंबर तिथेच नक्की झाला. पुढच्या वर्षीच्या कमिटीतून माझं नाव तिने तिथल्या तिथे खोडलं. दत्तप्रसाद माझ्याकडे असे बघत होते, जशी मी एखादी न वाचलेली नोटीस आहे. शुभ्रा पुटपुटली, "ओ माय गॉड, आई."

मी ठसा सातव्या पडद्यामागे ठेवला. मुलं टेबलावर तुटून पडली. गर्दीतून पर्ल माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. आधी तिने हाफिजाच्या खाली घातलेल्या मानेकडे बघितलं.

"खोटारडी," मग ती मला म्हणाली.

"काय खोटं बोलले?"

"शुक्रवारी दुपारी तू चोरी केली असतीस, तर शुक्रवारी संध्याकाळी मला फोन करून रडली असतीस. तुझ्या पोटात उकडलेला बटाटा टिकत नाही."

"फोन केला होता. तू उचलला नाहीस."

"रागात होते. अजून आहे." पण तिने कोपराने मला ढोसलं. "कुणी घेतला ते विचारणार नाही. सांगूही नकोस."

एका मुलीने किंचाळून ठसा शोधला. पर्लने तिला टाळी दिली, ठसा हातात घेतला आणि आपल्या त्या कारागीर बोटांनी पुसला. मग ती सरळ खानमसमोर जाऊन उभी राहिली.

"खानम, हा तुम्ही मला दिलात ना? कायमचा? म्हणजे मी कुणालाही देऊ शकते."

आणि तिने तो हाफिजाच्या मांडीवर ठेवला.

एक अक्षर न विचारता तिला सगळं कळलं होतं. मला दोन दिवस, दोन मोबाइल आणि एक हिरवा बाण लागला होता. छातीत जी बारीक कळ आली ती मला ओळखीची होती.

खानमनी ठशाकडे बघितलं, मग मुलीकडे. हाफिजा आईच्या कानाशी वाकून काहीतरी भराभर बोलली. खानमचा हात तोंडावर गेला. मला वाटलं आता रागावतील. पण त्या वॉकरला धरून उठल्या, मुलीचा दंड पकडून तिला टेबलापाशी घेऊन आल्या आणि बाजाराच्या पहिल्या कमानीवर बोट ठेवून बोलायला लागल्या. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. हाफिजा मध्येच थांबवून विचारत होती. खानम हसत होत्या, डोळे पुसत होत्या, पुन्हा सांगत होत्या. सगळं फारसीत.

मी कान देऊन ऐकलं. मला एक शब्द कळत नव्हता.

मी पर्लकडे बघितलं. तिलाही कळत नव्हता. ते एक बरं होतं.